दत्तोबांचे घोटे

इचलकरंजीत माणूस वारला की पूर्वी त्याचा फोटो भिंतीवर लागायचा. पुढे फोटो मोबाइलमध्ये गेले आणि मोबाइल सारखे बदलत असल्यामुळे पूर्वजांचं काही खरं राहिलं नाही. अशा वेळी धातूची छपाई आली आणि तिने पूर्वजांची सोय लावली.

खरं तर ती आली होती कापडाच्या मागांसाठी. परदेशी बनावटीचा माग बंद पडला की त्याचा सुटा भाग बोटीतून येईपर्यंत मालक शेडच्या दारात बसून राहायचा. छपाईची यंत्रं आल्यावर तुटका भाग सकाळी द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा घेऊन जायचा, असं सुरू झालं. पण काही वर्षांत माग इतके शहाणे झाले की ते तुटायचेच बंद झाले. गावात यंत्रं उरली आणि छापायला काही उरलं नाही. रिकामं यंत्र आणि रिकामा माणूस यांना काहीतरी सुचतंच.

जुन्या झोपाळ्यांच्या पितळी कड्यांवर हत्ती, घोडे, मोर असायचे. हत्तीच्या जागी आजोबा बसवावेत ही कल्पना नेमकी कुणाची, यावर गावात अजून वाद आहे. पण ती रुजली. जुने फोटो, लग्नातले व्हिडिओ, जमेल ते गोळा करून द्यायचं. संगणक त्यातून हुबेहूब माणूस उभा करायचा, अगदी चष्म्याच्या काडीसकट. मग यंत्र तो वीतभर उंचीचा पोलादी माणूस छापायचं. डोक्यावर एक कडं, पायाखाली एक कडं. वरच्या कड्यात छताची साखळी, खालच्या कड्यात झोपाळ्याची फळी. याला माणूसकडी म्हणू लागले. झोपाळ्याला कोपरे चार, म्हणून पूर्वज चार लागत. तेवढे नसतील तर एकाच्याच चार प्रती. एका माजी नगरसेवकाने हयातीतच स्वतःच्या चार करून घेतल्या, कारण मागून मुलं करतील याची त्याला खात्री नव्हती.

निवास उत्तुरे याचा शहापूरच्या रस्त्याला छपाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक यंत्र, एक भट्टी आणि एक ओढणयंत्र. हे ओढणयंत्र गावात फक्त त्याच्याकडे होतं आणि त्यावरून त्याची थट्टा होई. त्यात धातूची पट्टी दोन्ही टोकांना पकडून ती तुटेपर्यंत ओढता येई. चांगली छापलेली वस्तू मुद्दाम तोडून बघणारा माणूस धंद्यात वर येत नाही, असं बाकीच्या छापणाऱ्यांचं मत होतं, आणि निवासकडे बघितल्यावर ते पटायचं.

या छपाईची गोष्ट अशी, की यंत्र एका पाटावर धातूची पूड अंथरतं, केसाच्या जाडीएवढी. वरून लेसरचा किरण हवा तो आकार गिरवतो. जिथे किरण फिरतो तिथली पूड वितळते आणि खालच्या थराला चिकटून गोठते. मग पाट केसभर खाली जातो, पुन्हा पूड, पुन्हा किरण. असे हजारो थर झाले की पुडीच्या ढिगातून वस्तू उकरून काढायची. भाकऱ्यांची चवड रचावी तसाच हा प्रकार, फक्त इथे प्रत्येक भाकरी खालच्या भाकरीला सांधलेली असते.

सांधलेली असते, पण सगळीकडे नसते. कुठे किरण थोडा कमी पडतो, कुठे पुडीचा कण तसाच राहतो आणि दोन थरांच्या मध्ये एक चपटी फट उरते. डोळ्यांना न दिसणारी. ही फट थरासारखीच आडवी पडलेली असते. थरांच्या बाजूने ओढलं तर ती फट कुणाच्या अध्यात ना मध्यात. थरांना काटकोनात ओढलं, म्हणजे वरची भाकरी खालच्या भाकरीवरून उचलायला लागलो, की तिचं तोंड उघडतं. म्हणून वस्तू पाटावर उभी ठेवून छापली की आडवी निजवून छापली, याला महत्त्व असतं. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत ओढलं तर ओढ थरांना फाडणारी. निजवून छापलेल्या माणसाला तसंच ओढलं तर ओढ थरांच्या अंगाने जाणारी.

गंमत अशी की एकदाच जोर लावून ओढलं, तर दोघांत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो रोज थोडं थोडं ओढलं आणि सोडलं तर. धातूही थकतो. उभी छापलेली पट्टी आडवीच्या कितीतरी आधी तुटते आणि तुटण्यापूर्वी काही बोलत नाही. संसाराचा अनुभव असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्या फटी दाबून बुजवणाऱ्या भट्ट्या बंगळूरला होत्या, पण तिथे विमानांच्या भागांची रांग होती. पूर्वज कुणी आत घेत नव्हतं.

तेव्हा निवास झोपाळ्याच्या कड्या आडव्या छापायचा. अडचण एकच होती. गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसायचं, की आपले अण्णा पाटावर उताणे निजलेत, हात अंगाशी, पाय जुळवलेले. गिऱ्हाईक म्हणायचं, एकदा आडवे झाले ते उठलेच नाहीत, आता तुम्ही परत आडवं करताय. बाकीच्या छापणाऱ्यांनी हे ताबडतोब ओळखलं आणि उभी छपाई सुरू केली. उभे पूर्वज एका पाटावर दाटीवाटीने जास्त मावतात, हेही त्यांच्या लक्षात आलं. श्रद्धेला आणि धंद्याला एकच गोष्ट सोयीची असली की पुढे विज्ञानाचं कुणी ऐकत नाही. निवासने काय केलं, तर पडदा स्वतःकडे वळवून ठेवला. कसं छापणार असं कुणी विचारलं तर सांगायचा, यंत्र ठरवतं.

आडव्या छपाईत पाठीखाली टेकू द्यावे लागतात, नाहीतर माणूस पुडीत खचतो. छपाई झाल्यावर ते टेकू तोडायचे, पाठ कानशीने घासायची. कितीही घासली तरी तिथे बारीक खरखर राहते. पण गिऱ्हाईक चेहरा बघतं. पाठीवरून हात फिरवून बघणारं गिऱ्हाईक निवासला अजून भेटलं नव्हतं.

त्याचे वडील दत्तोबा हे मागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेल्या मागाला ताळ्यावर आणणारे. सगळं आयुष्य त्यांनी दोन मागांच्या मधल्या बोळात, थोडं पुढे वाकून, उभ्याने काढलं. खडखडाटाने कान गेले होते, म्हणून घरातही ओरडून बोलायचे. मीठ मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. मग अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले ते खिळलेच. निवासची आई शालनताई त्यांना दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. तरी माकडहाडापाशी कातडी गेली, जखम झाली आणि भरली नाही. निवास रोज दारात उभा राहून, काय म्हणतात बाबा, असं विचारायचा आणि कारखान्यावर जायचा. त्या दिवसांत त्याने वडिलांना आपोआप कुशीवर वळवणारी एक खाट आखायला घेतली होती. आखणी फार सुंदर झाली होती. खाट व्हायच्या आत दत्तोबा गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर शालनताईंनी झोपाळ्याचा विषय काढला. घरात साध्या साखळ्यांचा जुना झोपाळा होता, दत्तोबांनीच टांगलेला. आता त्याला माणूसकड्या हव्यात आणि चारही कोपऱ्यांना तेच हवेत.

चार कशाला, दोन पुरे, असं निवास म्हणाला.

"मग बाकीच्या दोन कोपऱ्यांना तू लटकतोस काय?" शालनताई म्हणाल्या.

त्यांनी बारीकसारीक सगळं सांगून ठेवलं. पुढं वाकल्यात तसंच पाहिजेत, ताठ करू नको. डाव्या खिशात पाना. पायात काही नको. आणि शेवटी, पदराने हात पुसत, जणू मिठाचा अंदाज सांगावा तसं म्हणाल्या, "उभ्यानं कर बाबा. लई दिवस आडवं पडलं हुतं."

निवास हो म्हणाला आणि आडवे छापले.

त्याच्या मते यात फसवणूक नव्हती. आईला मूर्ती हवी होती, ती मूर्ती उभी दिसणार होती, आणि आई त्यावरून पडणार नव्हती. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. त्याने पाठी घासल्या, पुन्हा घासल्या, चकचकीत केल्या. बायको वृषालीला दाखवल्या. तिला काही वेगळं दिसलं नाही. पुढे वाकलेले चार सासरे बघून तिने आपसूक पदर सावरला, एवढंच.

शालनताईंनी कड्या टांगण्याआधी न्हाणीत नेल्या आणि चिंच लावून घासायला बसल्या. पहिल्या दत्तोबांचं तोंड धुतलं, छाती धुतली, पालथं केलं. हात खाली सरकत माकडहाडापाशी आला आणि थांबला. मग दुसरे पालथे केले, तिसरे, चौथे.

"आडवं केलतंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

निवासने यंत्र ठरवतं वगैरे सुरू केलं.

"पाठ मला कळत न्हाई व्हय रं? रोज हीच पाठ पुसत हुते मी."

त्यांनी चौघांना कोरडं केलं, दत्तोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवायला लावलं. त्या दिवसापासून त्या झोपाळ्यावर बसेनात. झोपाळ्याशेजारी जमिनीवर बसत. निवासशी बोलणंही बंद झालं. म्हणजे भांडण नाही, काही नाही. जेवायला बसला की वृषालीला म्हणायच्या, त्याला विचार, भात वाढू का. तो समोरच असायचा. वृषाली विचारायची, तो वाढ म्हणायचा, वृषाली सांगायची, मग भात यायचा. एवढ्या वेळात भात निवायचा.

अखेर एका रविवारी निवास आईसमोर एक पट्टी घेऊन बसला आणि तिला थर, फटी, थकवा सगळं समजावून सांगितलं. शालनताईंनी ऐकून घेतलं. मग त्याने तोडगे मांडले. उभे छापतो, पण आतून एक बिनथरांची अखंड सळई घालतो.

"त्यांच्या पोटातनं सळई?" कितीतरी दिवसांनी त्या थेट त्याच्याशी बोलल्या.

बरं, मग बाजूने साखळी. भार साखळीवर, बाबा नुसते शेजारी.

"आयुष्यभर घर धरलं त्यांनी. आता शोभेला टांगतोस?"

बरं, मग निदान पायात बूट. घोटे जाड होतील. सगळा घोळ घोट्यांत होता. दत्तोबांचे घोटे मुळात बारीक, मूर्तीत ते शिसपेन्सिलीपेक्षा बारीक येत. त्यात ते पुढे वाकलेले. त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंतची ओढ सरळ न जाता दर झोक्याला घोट्यांना वाकवत राहणार.

"जन्मात बूट घातलं न्हाईत. मेल्यावर कशाला?"

निवासने दत्तोबा उभे छापले. बारीक घोट्यांसकट, अनवाणी. छापताना पडद्याकडे त्याने फारसं बघितलं नाही. आईला दोन अटी घातल्या. झोपाळ्यावर तिने एकटीनेच बसायचं; आणि दर पौर्णिमेला तो कड्या तपासणार, त्यात काही दिसलं तर तिथल्या तिथे उतरवणार. पौर्णिमा एवढ्यासाठी, की ती आईच्या लक्षात राहते. शालनताई दोन्हीला हो म्हणाल्या आणि झोपाळ्यावर जाऊन बसल्या. त्या दिवशी भात गरम आला.

तपासणीची पद्धत साधी होती. सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या जागी एक लाल पातळ द्रव लावतात. तडा असेल तर द्रव आत शिरतो. थोड्या वेळाने तो पुसून काढायचा आणि वरून पांढरी पूड फवारायची. तड्यात शिरून बसलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो, केसाएवढी रेघ. रेघ उमटली तर तडा आहे. नाही उमटली तर महिनाभर झोप लागते.

पहिल्या पौर्णिमेला निवास झोपाळ्याखाली मांडी घालून बसला. फडक्याने दत्तोबांची पावलं पुसली. घोट्यांना कुंचल्याने लाल रंग लावला. वाट बघितली, पुसला, वर पांढरं शिंपडलं आणि मान खाली घालून, चेहरा पावलांजवळ नेऊन बघत राहिला. एक झाले की दुसरे, चौघांचे. रेघ नव्हती. त्याने वर बघितलं, तर आई हात जोडून उभी. डोळ्यांत पाणी.

हे कशासाठी आहे, हे त्याने सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं एक आणि दिसलेलं दुसरं. ज्या मुलाला आजारपणात बापाच्या पायाला हात लावायला वेळ झाला नाही, तो जमिनीवर बसून पावलं पुसतोय, एवढंच तिला दिसलं. निवासने पुन्हा खुलासा केला नाही. खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटलं. गुणी मुलगा असल्याचं कौतुक फुकट मिळत होतं आणि शिवाय काम शास्त्रशुद्ध होतं.

शेजारच्या म्हेत्रेकाकूंनी हे बघितलं. पुढच्या पौर्णिमेला त्यांच्याकडेही पादपूजा झाली, लाल आणि पांढरी. मग गल्लीत, मग पेठेत. बाकीच्या छापणाऱ्यांनी पादपूजेचा डबा बाजारात आणला: लाल बाटली, पांढरी बाटली, सोबत आरती. रेघ शोधायची असते हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. एका पौर्णिमेला म्हेत्रेकाकूंच्या पोलादी सासूबाईंच्या घोट्यावर लाल रेघ उमटली आणि काकूंनी सासूबाई प्रसन्न झाल्याचा फोटो सगळीकडे पाठवला. निवास चहा तसाच टाकून धावत गेला आणि त्याने त्यांचा झोपाळा उतरवला. काकू त्यानंतर उत्तुऱ्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागल्या.

निवासला मात्र त्या फोटोने धीर आला. पद्धत चालते, याचा तो पुरावा होता.

शालनताईंना महिन्यातून एकदा पूजा कमी वाटू लागली. मुलगा महिन्याला करतो तर आपण रोज करायला काय झालं. सकाळी अंघोळ झाली की त्या दत्तोबांच्या पावलांना तेलाचं बोट लावायच्या, घोट्यांना हळद चोळायच्या, वर कुंकू. चौघांचे घोटे पिवळेधमक झाले.

निवासला हे चालण्यासारखं नव्हतं. कारण या पद्धतीत पहिला नियम हाच असतो, की जागा स्वच्छ पाहिजे. तडा आधीच कशाने भरला असेल, तर लाल रंगाला आत शिरायला जागाच राहत नाही. मग रेघ उमटत नाही. तडा असतो, पण तपासणी म्हणते नाही. घोटे वरून पुसून स्वच्छ होत. आतलं काही निघत नाही. ते काढायचं तर कड्या उतरवून कारखान्यात नेऊन उकळत्या द्रावणात बुडवायला हव्या होत्या, आणि रोजची हळद बंद व्हायला हवी होती.

तो आईला सांगायला गेला. शालनताई लसूण सोलत बसल्या होत्या. त्याने सुरुवात केली, की आई, त्या हळदीचं जरा.

"कमी पडती व्हय?" त्या म्हणाल्या.

कमी नाही, म्हणजे लावूच नये, तो म्हणाला, कारण मी करतो ते खरं म्हणजे. इथे तो अडकला. ते खरं म्हणजे पूजा नव्हे, एवढंच वाक्य उरलं होतं.

शालनताईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "निवास, आजारपणात तुला जमलं न्हाई. म्या मनात लई धरलं हुतं, खोटं कशाला बोलू. आता करतोस, तेवढं बास झालं. माझं मन निवळलं बघ."

निवासने वाक्य गिळलं. हळद जरा कमी लावत जा, एवढं म्हणाला. त्या बरं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीएवढीच लावली. पुढच्या पौर्णिमेला त्याने घोटे जास्त वेळ पुसले, जास्त वेळ बघत राहिला. रेघ नव्हती. त्यानंतरच्या पौर्णिमेलाही नव्हती. कड्या उतरवून न्यायचं तो दर वेळी ठरवायचा, आणि उतरवताना आईला काय सांगायचं हे ठरत नसल्यामुळे पुढच्या महिन्यावर टाकायचा.

एका सकाळी शालनताई झोपाळ्यावर बसून गवार निवडत होत्या. पायाने हलकासा झोका घेत होत्या, एवढंच. वृषाली स्वयंपाकघरात होती. तिने काचेचं काहीतरी तडकावं तसा आवाज ऐकला आणि मग फळी जमिनीवर आदळल्याचा. डाव्या पुढच्या कोपऱ्यातले दत्तोबा घोट्यांत तुटले होते. पावलं फळीबरोबर खाली आली होती, बाकीचे दत्तोबा साखळीला लटकत पुढे वाकून खाली बघत होते. शालनताई कुशीवर पडल्या होत्या आणि गवारीच्या शेंगा सगळीकडे. वृषालीने हात लावताच त्या म्हणाल्या, "मला नको, त्यांची पावलं बघ आधी."

खुबा मोडला होता. इस्पितळात डॉक्टरांनी बदलायचा सांधा हौसेने दाखवला. हाही छापीलच आहे, ते म्हणाले. निवासने विचारलं, उभा की आडवा. डॉक्टर हसले, त्यांना वाटलं, घाबरलेला नातेवाईक काहीतरी विनोद करतोय.

शस्त्रक्रिया नीट झाली. सांधा मजबूत होता, हाडं नव्हती. शालनताई काही पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

निवासने तुटलेली पावलं कारखान्यात नेऊन भिंगाखाली धरली. तुटलेला पृष्ठभाग सपाट होता, भाकरीवरून भाकरी उचलून घ्यावी इतका सपाट. त्याचा एक भाग ताजा, करडा, चकाकणारा; तो त्या सकाळी तुटला होता. उरलेला, चंद्रकोरीसारखा, घोट्याच्या मागच्या बाजूने आत गेलेला भाग पिवळा होता. काठापासून आतपर्यंत, हळूहळू गडद होत गेलेला पिवळा. तडा जुना होता. तो जसजसा आत सरकला तसतशी हळद त्याच्या मागोमाग गेली होती. निवास दर पौर्णिमेला चेहरा जवळ नेऊन लाल रंग शोधत होता, आणि तिथे जागा शिल्लक नव्हती.

बाकीच्या तिघांचेही घोटे त्याने कापून बघितले. दोघांत पिवळं होतं.

मग त्याने माळ्यावरचं धोतराचं गाठोडं उतरवलं. आडव्या छापलेल्या चार दत्तोबांना झोपाळ्याला टांगलं आणि ओढणयंत्राच्या सवयीने स्वतः फळीवर उभा राहून दणके दिले. काही झालं नाही. त्या झोपाळ्यावर आता अख्खं घर बसलं तरी चालेल. कुणी बसत नाही.

शालनताईंची खाट त्याच खोलीत आहे. निवास आता कारखान्यावर उशिरा जातो. आईला कुशीवर वळवतो, पाठ पुसतो, पावडर लावतो. आपोआप वळवणाऱ्या खाटेची आखणी अजून त्याच्या संगणकात आहे. ती त्याने उघडलेली नाही. हाताने वळवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याला आता लागायला हवा असतो.

परवा त्याने असंच त्यांना भिंतीकडे तोंड करून वळवलं.

"निवास."

"हं."

"तुझ्या त्या लाल पाण्यात दिसलं न्हाई व्हय काही?"

या प्रश्नाची तो बरेच दिवस वाट बघत होता. थर, फटी, हळद, सगळं एका दमात सांगता येईल असं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

"दिसायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "माझी नजर चुकली."

"मी तर रोज हळद लावत हुते."

"हळदीचा काय संबंध."

झोपाळ्याची कडी वाऱ्याने जराशी कुरकुरली.

"माझी करशील न्हवं, कडी?"

"कशाला आत्तापासून."

"करशील तवा आडवीच कर. दोन-तीन माणसं बसली तरी पेलवंल अशी."

"पाठ खरखरीत येते आई."

"यीना का. पाठीकडं कोण बघतंय."

निवास पावडर लावत होता. हात कमरेवरून खाली सरकत माकडहाडापाशी आला आणि थांबला. तिथे कातडी रुपयाएवढी राठ झाली होती. काल तशी नव्हती.

"काय हाय रं?" शालनताईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "गुळगुळीत आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता, त्यामुळे निवासला दिसला नाही. पण त्या हसल्या असाव्यात. त्याच्या हाताखाली त्यांची पाठ किंचित हलली.